रंगीत तालीम

मोटार चालवायला मी स्वयंपाकघरात शिकलो. यात विनोद करण्याचा हेतू नाही, वस्तुस्थिती सांगतो आहे. साताऱ्यात नोकरीला असताना मी एका मोटार ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. तिथल्या मास्तरांची एकमेव फियाट बहुतेक दिवस गॅरेजात असे. पण मास्तर हाडाचे शिक्षक. ते म्हणाले, "साहेब, गाडीला हात लावण्याआधी आठ दिवस घरी खुर्चीत बसून चालवा. हातापायांना वळण लागलं की गाडी आपोआप येते."

मी आज्ञाधारक विद्यार्थी. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणून तीन विटा मांडल्या. पिठाच्या डब्यात लाटणं उभं खोचलं, तो गिअर. कणकेची परात हातात धरली, ते स्टिअरिंग. "आता पोळ्या कशावर लाटू?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न प्रगतीच्या आड येणारा असल्यामुळे मी दुर्लक्षित केला. आठ दिवसांत मी सातारा ते सांगली हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास निदान वीस वेळा केला. कऱ्हाडला चहा घेतला, पेठनाक्यावरून डावीकडे वळलो, आष्टा मागे टाकलं आणि आयर्विन पुलावरून थेट माहेरच्या दारात गाडी उभी केली. (माहेर हिचं. परातीतून का होईना, पण तिला रोज माहेरी नेतो याचं तिनं कौतुक करायला हवं होतं.) एकही अपघात नाही.

नवव्या दिवशी मास्तरांनी खरी फियाट हातात दिली आणि दहाव्या मिनिटाला ती मी एका रसवंतीगृहात नेली. आत, म्हणजे बाकांपर्यंत. कुणाला लागलं नाही. मालकानं आधी गाडीखालची घुंगरं शोधली आणि मग माझ्याकडे नुकसानभरपाई मागितली. मास्तर म्हणाले, "घरी नीट सराव केला नाही वाटतं?" आता त्यांना काय सांगणार? सराव चोख होता. परातीत रसवंती नव्हती, एवढंच.

हा सगळा इतिहास मी विसरलो होतो. त्याची आठवण करून दिली माझ्या पुतण्यानं. हा धाकट्या भावाचा मुलगा. सांगलीला इंजिनिअर झाला आणि पुण्याला हिंजवडीत चिकटला. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "बिनड्रायव्हरच्या गाड्या चालवणारं सॉफ्टवेअर तपासतो, काका."

"म्हणजे त्या गाडीत बसतोस?"

"नाही. गाडी नसतेच."

"मग तपासतोस काय?"

"गाडी आहे असं आम्ही सॉफ्टवेअरला सांगतो."

"खोटंच?"

"खोटंच."

आमच्या घराण्यात खोटं बोलून पगार मिळवणारा हा पहिलाच. वकिली कुणी केली नाही. पण त्यानं समजावून सांगितलं तेव्हा ते खोटं मला मोठं शास्त्रशुद्ध वाटलं. गाडीचा मेंदू म्हणजे हातात मावेल एवढी एक डबी. ती टेबलावर ठेवायची. तिच्या तारा दुसऱ्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडायच्या. हा दुसरा कॉम्प्युटर तिच्या कानात सांगत राहतो, 'तुझा वेग साठ आहे. डावं चाक चिखलात आहे. समोर भिंत आली.' डबी घाबरून ब्रेकचा हुकूम सोडते. ब्रेक नसतातच. मग एवढ्या वजनाची गाडी, असे टायर, असा ओला रस्ता, तर ती किती सरकेल आणि किती घसरेल याचा हिशेब मोठा कॉम्प्युटर करतो आणि उत्तर पुन्हा डबीला कळवतो. सेकंदात शेकडो वेळा ही देवाणघेवाण चालते. आपण जन्मात टेबलावरून हललेलो नाही, हे त्या डबीला अखेरपर्यंत कळत नाही. सरकारी कचेरीत अशी माणसं मी पाहिली आहेत, पण ती मुद्दाम कुणी तयार केलेली नव्हती.

"थोडक्यात, परात आणि विटा," मी म्हणालो.

"थोडक्यात, हो," पुतण्या म्हणाला. मुलगा गुणी आहे.

यात सांगली-साताऱ्याच्या माणसानं दचकण्यासारखं काही नाही. साताऱ्यात तालीम म्हटलं की लाल माती डोळ्यांसमोर येते आणि सांगलीत तालीम म्हटलं की नाटक. दोन्हींचा अर्थ एकच. लोकांसमोर पडण्याआधी कुणी बघत नसताना पडून घ्यायचं. लाल मातीत नव्या पोराला डाव नंतर येतात, पडायला आधी शिकावं लागतं. आणि नाटकाचं म्हणाल, तर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्यांनी त्यांना पुन्हा हलतं-बोलतं केलं. बाहुल्या करणारा माणूस नटांची तालीम घेतो, हा क्रम मला फार सूचक वाटतो. बाहुली हुकमाबाहेर जात नाही, उशिरा येत नाही, चहा मागत नाही. आणि त्याच कारणानं, रंगमंचावर मांजर आलं तर काय करावं हे बाहुलीबरोबर तालीम करून कळत नाही.

यंत्रांच्या तालमीचा इतिहासही असाच पेटी-तबल्याच्या बाजूनं सुरू होतो. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक मनुष्य होता. बापाचा कारखाना ऑर्गन बनवण्याचा. मिरजेच्या माणसाला जवळचा वाटावा असा धंदा. या चिरंजीवांना विमान उडवायचा नाद, पण शिकवणी महाग. म्हणून १९२९ साली त्यानं ऑर्गनचेच भाते वापरून एक ठेंगणं लाकडी विमान केलं. ते जमिनीवरच राहायचं, पण आत बसून दांडा हलवला की भात्यांत हवा भरून हिंदकळायचं, कलायचं, फिरायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांतच खपलं. मग १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं, आणि ढगांत, धुक्यात वाट चुकून त्यांतले अनेक मेले. तेव्हा लष्करानं लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. जी गोष्ट आपण पायपेटीवर नाट्यगीतं वाजवायला वापरली, तिनं तिकडे माणसं जगवली. तुलना करायची नाही म्हटलं तरी मनात येतंच.

विमानानंतर मोटारीची पाळी. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमर्लो नावाच्या तरुणानं १९८९च्या सुमारास एका व्हॅनला रस्ता ओळखायला शिकवलं. शिकवलं कसं? खऱ्या रस्त्यावर नेऊन नव्हे. कॉम्प्युटरनं काढलेली रस्त्यांची बाराशे खोटी चित्रं तिला पुन्हा पुन्हा दाखवली. असा रस्ता असेल तर चाक इतकं डावीकडे, तसा असेल तर इतकं उजवीकडे. एवढ्या शिदोरीवर ती व्हॅन विद्यापीठाच्या झाडीतल्या चारशे मीटर वाटेवरून खरोखर स्वतः चालली. वेग सेकंदाला अर्धा मीटर. आपल्याकडे वरात यापेक्षा जोरात जाते, पण वरातीला ड्रायव्हर असतो.

पुढे हीच गाडी चांगल्या ड्रायव्हरकडे बघून शिकायला लागली तेव्हा एक गंमत झाली. चांगला ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या मधोमधच ठेवतो. त्यामुळे कडेला गेल्यावर परत कसं यायचं, हे शिष्याला कधी दिसेचना. मग पॉमर्लोनं कॅमेऱ्यातली चित्रं मुद्दाम सरकवून, गाडी कडेला चालली आहे असा देखावा केला आणि त्यातून सावरायचं कसं हे शिकवलं. लाल मातीतलीच ही विद्या. आधी पडायला शिका. १९९५ साली त्यांची पुढची गाडी पिट्सबर्गहून निघून सॅन डिएगोपर्यंत गेली, आणि त्या साडेचार हजारांवर किलोमीटरांपैकी ९८ टक्के वाट तिचं स्टिअरिंग तिनंच सांभाळलं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर माणसाच्या पायाखाली होते. राहिलेल्या २ टक्क्यांत काय झालं, ते आमच्यासारख्या रसवंतीवाल्यांना विचारा.

पण खरी परीक्षा उघड्यावर असते. मार्च २००४मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेनं मोहावी वाळवंटात बिनमाणसांच्या गाड्यांची शर्यत लावली. पल्ला २२८ किलोमीटर. पंधरा गाड्या निघाल्या. त्यांतली सगळ्यात शूर गाडी पावणेबारा किलोमीटर गेली आणि अडकली. दुसऱ्या वर्षी मात्र पाच गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली' पहिली आली. एका वर्षात एवढी सुधारणा आमच्या वर्गात कुणी केली असती, तर मास्तरांनी कॉपीचा संशय घेतला असता.

मग तालीम सोडून सगळी परीक्षा रस्त्यावरच का घेत नाहीत? याचं उत्तर रँड या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१६ साली आकड्यांत दिलं. ही गाडी जीव घेण्याच्या बाबतीत माणसापेक्षा वाईट नाही, एवढंच खात्रीनं सांगायला तिनं एकही बळी न घेता २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालायला हवं. शंभर गाड्या, ताशी ४० किलोमीटरनं, रात्रंदिवस, रविवारची सुटी न घेता चालवल्या तर साडेबारा वर्षं लागतात. तेवढ्यात सॉफ्टवेअर शंभरदा बदलतं, आणि बदललं की गणित पहिल्यापासून. म्हणून सगळे टेबलाकडे वळले. गूगलच्या घरातल्या वेमो या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये २०१७ साली पंचवीस हजार खोट्या गाड्या दिवसाला ऐंशी लाख मैल धावत होत्या. पेट्रोल शून्य.

इथपर्यंत कथा सुखान्त आहे. आता १८ मार्च २०१८ची रात्र. अमेरिकेतल्या टेंपी गावात चाचणीसाठी निघालेल्या एका स्वयंचलित गाडीसमोर एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीच्या यंत्रांना ती साडेपाच सेकंद आधी दिसली होती. पण हे काय आहे, ते सॉफ्टवेअरला ठरवता येईना. आधी वाहन, मग अनोळखी वस्तू, मग सायकल, पुन्हा दुसरंच. दर वेळी नवं नाव, आणि दर वेळी नव्यानं अंदाज. बाई गेली. पुढे सरकारी चौकशीत निघालं, की पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हा विचारच त्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेला नव्हता.

हे वाचल्यावर मी सांगलीच्या मारुती चौकात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. पट्ट्यांवरून कोण ओलांडतं हे मोजायचं होतं. चहा पिऊन परत आलो.

नितीन गडकऱ्यांनी २०१७ साली बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल, असं सांगून टाकलं होतं. तरीही त्यांची बुद्धी तपासण्याचं काम पुण्यात बसून आमची पोरं करतात, आणि त्या बुद्धीतले तुकडे, म्हणजे समोर काही आलं की आपोआप लागणारा ब्रेक वगैरे, आपल्या गाड्यांतही आले आहेत. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं तर २०१८ साली आपल्या रस्त्यांची दहा हजार चित्रं जमवून कॉम्प्युटरच्या शिकवणीसाठी खुली केली. त्यांत रिक्षा आणि जनावरं यांना स्वतंत्र जागा आहे. देशी गाईला शास्त्रात मिळालेलं हे स्थान मला समाधान देऊन गेलं.

एका दिवाळीनंतर मी आणि धाकटा पुण्याला पुतण्याकडे गेलो होतो. धाकटा डाव्या पायानं थोडा लंगडतो. १९८७च्या जानेवारीत आष्ट्याहून सांगलीला रात्री मोटारसायकलवरून येताना, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो आदळला. पायात सळई घालावी लागली. सांगलीला त्याच्या हौशी नाटकाची रंगीत तालीम होती, तिला पोहोचायची घाई. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता हे पंचनाम्यातही होतं, पण आमच्या अण्णांचा निकाल वेगळा. "नाटकाच्या नादानं उडवत आला आणि पाय घालवला," हे वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. धाकटा सुरुवातीला म्हणायचा, "अण्णा, मी पन्नासच्या वर नव्हतो." नंतर म्हणायचं सोडलं. नाटकही सोडलं. अण्णा गेले तेव्हाही निकाल तोच होता. खरं सांगायचं तर मीही त्याच बाकावर बसलेला होतो.

पुतण्यानं घरच्या कॉम्प्युटरवर रस्ता लावून दाखवला. काळाभोर डांबरी रस्ता, पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं, एक मोटार आज्ञाधारकपणे चाललेली.

"हा कुठला देश?" धाकट्यानं विचारलं.

"आपलाच, बाबा. तुम्ही सांगा काय कमी आहे."

हा प्रश्न आम्हा दोघांना विचारणं म्हणजे जावयाला जेवणातल्या उणिवा विचारण्यासारखं. आम्ही सांगत गेलो आणि तो टिपत गेला. रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. उलट्या बाजूनं येणारा दूधवाला. वरातीतला बँड, आणि बँडच्या मागे उलटं चालत नाचणारा नवरदेवाचा मामा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस, पाचट लोंबून झाकलेला रिफ्लेक्टर. आणि बंद पडलेल्या वाहनामागे ठेवलेली झाडाची फांदी.

"फांदी कशाला?" पुतण्या थांबला.

"अरे, गाडी बंद आहे म्हणून."

"पण आमचं सॉफ्टवेअर म्हणेल, झाड पडलंय."

"म्हणू दे. आपल्याकडे ती फांदी नसते, ते पत्र असतं," मी म्हणालो. हे त्यानं टिपलं की नाही, माहीत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं उसाची ट्रॉली खरंच बनवली. पहिल्यांदा सोडलेली मोटार तिच्यावर आदळली. तिनं ट्रॉलीचा लोखंडी सांगाडा मोजला होता, बाहेर आलेला ऊस हिशेबात धरला नव्हता. त्यानं काहीतरी दुरुस्त केलं. मग अचानक वडिलांना विचारलं, "बाबा, त्या रात्री अजून काय होतं?"

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "समोरून एक ट्रक येत होता. त्याचा उजेड डोळ्यांत. तो बाजूनं गेला आणि पुढे एकदम अंधार."

हे आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. निकाल आधीच लागलेला होता.

पुतण्यानं सॉफ्टवेअर बाजूला काढलं आणि त्याच्या जागी माणूस बसवला. माणूस म्हणजे दोन डोळे, आणि दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद. समोर ट्रकचा उजेड, मागे दिवा नसलेली ट्रॉली. ट्रॉली दिसली तेव्हा अंतर जेमतेम वीस-बावीस मीटर. वेग पन्नास. ब्रेक दाबायच्या आधीच एकवीस मीटर संपले. थांबायला पुढे आणखी वीस लागत होते. धडक. त्यानं चाळीस लावले. धडक. तीसला मात्र थोडक्यात थांबली. मग पन्नासवर परत येऊन त्यानं ती पंचवीस-तीस वेळा सोडली, प्रत्येक वेळी थोडा फरक करून. धडक, धडक, धडक.

"बाबा, पन्नासनं कुणीच थांबलं नसतं."

"तीसनं यायला हवं होतं म्हणजे," धाकटा म्हणाला.

"डांबरी हमरस्त्यावर तीसनं कोण येतं?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. अण्णांनाही ऐकू जावा अशा बेतानं चढला असावा.

मग पुतण्यानं ट्रॉलीच्या मागे एक लाल रिफ्लेक्टर लावला. शंभरेक मीटरवरून तो चमकला. पन्नासला गाडी निवांत थांबली. ऐंशीलाही थांबली. पुन्हा लावून बघितलं, पुन्हा थांबली. धाकटा पडद्याजवळ खुर्ची ओढून बसला होता. "परत एकदा दाखव," असं तो चार वेळा म्हणाला. थांबलेली गाडी बघायला त्याला आवडत होतं. पाचव्यांदा त्यानं विचारलं, "याला खर्च किती?"

"सॉफ्टवेअरला? कोट्यवधी, बाबा."

"नाही रे. त्या लाल पट्टीला."

ऊस तुटायला लागला की हल्ली धाकट्याच्या पिशवीत लाल चमकणाऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणि कात्री असते. आष्टा रस्त्याला चहाच्या टपरीशी ट्रॉल्या थांबल्या की हा लंगडत जातो, पाचट बाजूला सारतो, फळी फडक्यानं पुसतो आणि पट्टी लावतो. ट्रॅक्टरवाले आधी कारखान्याचा माणूस समजून हमाली मागत, आता चहा पाजतात. परवा मी बरोबर होतो. एका पोरानं विचारलं, "काका, हे कशापायी करता?"

"नाटकात काम करतो," धाकटा म्हणाला. "तालमीला उशीर झाला होता जरा."

पोराला काही कळलं नाही. त्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि दोन्ही ट्रॉल्या हलत-डुलत सांगलीच्या दिशेनं निघाल्या. आम्ही मागून निघालो. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे धाकट्यानं वाटेतली दोन्ही रसवंतीगृहं मला बरीच आधी दाखवून ठेवली.